हुंकार, होकार आणि ‘ओके ना?’

अमरावतीत औषधांच्या एका दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे खेड्यावरून आलेली एक म्हातारी होती. डॉक्टरची चिठ्ठी तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, ती पिशवी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. काउंटरमागचा पोरगा चटपटीत आणि बोलायला गोड. त्याने पाकिटं एकेक करून पुढे मांडली. ‘‘ही सकाळ-संध्याकाळ, जेवन झाल्यावर. ही रात्री एकच. ही अर्धी, पंधरा दिवस, मंग बंद. ओके ना माय?’’

‘‘हाव,’’ आजी म्हणाली.

‘‘राईट.’’ त्याने पैसे मोजून घेतले आणि तो माझ्याकडे वळला. मी माझं औषध घेऊन बाहेर आलो, तर आजी दुकानाच्या पायरीवर पाकिटं मांडीवर पसरून बसलेली. मला पाहून म्हणाली, ‘‘काहो भाऊ, अर्धी कोनती म्हने तो?’’

पाकिटं घेऊन मी पुन्हा आत गेलो. पोराने कुरकुर न करता पेन काढलं. एका पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढला, दुसऱ्यावर नुसता चंद्र, तिसऱ्यावर एक गोल काढून त्याच्या मधोमध रेघ मारली. त्या चित्रांवरून आजीने मला सगळं एका दमात बरोबर सांगितलं. म्हणजे तिची समज कमी नव्हती आणि त्या पोराची आस्थाही कमी नव्हती. त्याने विचारलं होतं, तिने उत्तर दिलं होतं, तरी निरोप मधल्या मध्ये राहिला होता. मी अकोल्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवत आलो आहे. वर्गात रोज ‘ओके?’ विचारतो आणि रोज ‘यस सर’ ऐकतो. त्या दिवशी बडनेरा स्टेशनावरून अकोल्याला परतताना ते सगळे ‘यस सर’ माझ्या डोक्यात फिरत राहिले.

या घोटाळ्यासाठी मराठीत नेमके दोन शब्द आहेत. घरात म्हातारं माणूस गोष्ट सांगतं तेव्हा ऐकणाऱ्या पोराने मधूनमधून ‘हूं’ म्हणायचं असतं. तो हुंकार. तो थांबला की गोष्टही थांबते आणि अंधारातून प्रश्न येतो, झोपला का रे? हुंकाराचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे, माझे कान तुझ्याकडे आहेत, तू पुढे सांग. होकार निराळा. सोयरिकीला होकार देतात, सौद्याला देतात, आणि तो दिला की माणूस बांधला जातो. अडचण अशी, की बोलताना दोन्हींसाठी तोंडातून एकच शब्द निघतो. पुण्यात ‘हो’, आमच्याकडे ‘हाव’. आजीचा ‘हाव’ हा हुंकार होता. दुकानातल्या पोराने तो होकार म्हणून मांडला.

खात्री करून घ्यायला आपण दिवसभर जे लहानसे इंग्रजी प्रश्न टाकतो, म्हणजे ओके? राईट? क्लिअर? कन्फर्म?, ते प्रश्न हुंकार फार लवकर गोळा करतात. हे त्या भाषेचं पाप आहे असं मला म्हणायचं नाही. इंग्रजीवर माझं पोट चालतं आणि तिच्यावर माझं प्रेमही आहे. पण खात्री करण्याची आपली स्वतःची हत्यारं किती बारीक आहेत ते आधी पाहावं, मग उसनी हत्यारं कुठे बोथट पडतात ते कळतं.

‘ना’ हे एक अक्षर घ्या. ‘येणार का?’ हा मोकळा प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नाही. ‘येणार ना?’ म्हटलं की त्याला ‘हो’ हवं आहे हे कळतं. ‘येणार नाही ना?’ म्हटलं की त्याला ‘नाही’ हवं आहे, मग ते भीतीने असो की आशेने. ‘येणार की नाही?’ यात त्याचा संयम संपत आला आहे. ‘येणार होतास ना?’ यात आधी दिलेला शब्द आठवून दिला आहे. क्रियापद तेच, माणसं तीच, आणि एका अक्षराच्या जागेवरून बोलणाऱ्याची अपेक्षा, धास्ती, राग सगळं कळतं. शिवाय ‘ये ना’ म्हटलं की तोच ‘ना’ आर्जव होतो.

वऱ्हाडीत याला आणखी एक पदर आहे. इथे ‘ना’च्या मागे ऐकणाऱ्याची ओळख जोडली जाते. ‘येशीन ना बापा?’, मैत्रिणीला किंवा मुलीला ‘येशीन ना व माय?’, बरोबरीच्या दोस्ताला ‘येशीन ना बे?’, सभेत किंवा पारावर ‘बराबर हाय ना राजेहो?’ प्रमाण मराठीतला ‘येशील’ इथे ‘येशीन’ होतो, ‘आहे’चा ‘हाय’ आणि ‘नाही’चा ‘नाई’ होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून विनोदही पुष्कळ होतात. पण खात्री विचारताना समोरच्याला नात्याने हाक मारायची ही रीत विनोदाची नाही. ‘बापा’, ‘माय’, ‘राजेहो’ म्हटलं की ऐकणारा जागा होतो, कारण प्रश्न त्याच्या नावावर आला. पुढे ‘हाय का नाई?’ असं दोन्ही दारं उघडी ठेवून विचारलं, तर ‘नाई’ म्हणायलाही त्याला संकोच वाटत नाही.

हा ‘ना’ मुळात नकाराच्या घरातला आहे, आणि यात मराठी एकटी नाही. खात्री मागायची असेल तर जगातल्या अनेक भाषा नकाराला हाताशी धरतात. फ्रेंच माणूस ‘नेस पा?’ म्हणतो, म्हणजे ‘असं नाही का?’ जर्मन ‘निश्त वार?’ म्हणतो, म्हणजे ‘खरं नाही का?’ पोर्तुगीजांचं ‘नाव ए?’ झिजून ब्राझीलमध्ये नुसतं ‘ने?’ उरलं. कोकणी माणूस ‘न्हय?’ विचारतो, हिंदीत ‘है ना?’ आहे. माझ्या मते यामागे शहाणपण आहे. प्रश्नातच ‘नाही’चा उच्चार झाला, की ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची वाट दिसते. ‘ओके?’ आणि ‘राईट?’ या शब्दांत ती वाट नाही. ‘ठीक?’, ‘बरोबर?’ असं विचारणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचं, तर ऐकणाऱ्याने ती वाट स्वतः पाडावी लागते. आणि औषधाच्या रांगेत मागे पाच जण उभे असताना म्हातारं माणूस ती पाडत नाही.

आपल्या लोकांना हे कुठेतरी जाणवत असावं. कारण वऱ्हाडात नुसतं ‘ओके?’ फार थोड्यांच्या तोंडी ऐकू येतं. बहुतेक जण ‘ओके ना?’ म्हणतात. ‘कन्फर्म ना?’, ‘शुअर ना?’, ‘फायनल ना?’, ‘डन ना भाऊ?’ शब्द इंग्रजी घेतला, पण त्याचा प्रश्न करायचं काम मराठीच्या ‘ना’कडेच ठेवलं. दुसऱ्या भाषेतून शब्द येतात ते असेच येतात. नामं, विशेषणं सहज येतात, वाक्याचा सांधा मात्र घरचाच राहतो. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होतं, मग इंग्रजांकडे गेलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांतात नांदलं. त्यामुळे ‘पक्कं ना?’, ‘मालूम हाय ना?’, ‘बराबर ना?’ अशी फारसी-हिंदीकडची खात्री आमच्याकडे आधीच मुरलेली होती. ‘कन्फर्म’ तिच्या शेजारी येऊन बसला. हा शब्द इथल्या घराघरांत मुख्यतः रेल्वेच्या आरक्षणाने पोचवला, असं मला वाटतं. मुंबईला जायचं, अमरावती एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर, आणि घरातली शाळा न शिकलेली आजीही विचारते, ‘‘झालं का कन्फर्म?’’ तिथे तो शब्द अगदी नेमका आहे. तिकीट कन्फर्म असतं किंवा नसतं, मधल्या आरएसीलाही नियम आहे. तोच शब्द माणसाच्या समजुतीला लावला की ढिला पडतो.

आता इंग्रजी स्वतः खात्री कशी मागते ते पाहू. कारण आपण तिच्याकडून जे उचललं ते तिचं खरं यंत्र नाही. इंग्रजीत वाक्य संपल्यावर एक छोटं शेपूट येतं. ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’ ‘ही वेन्ट होम, डिडन्ट ही?’ वाक्य होकारी असेल तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी. वाक्यातलं साहाय्यक क्रियापद शोधायचं, नसेल तर ‘डू’ किंवा ‘डिड’ आणायचं, कर्त्याचं सर्वनाम करायचं आणि हे सगळं बोलण्याच्या ओघात. वर अपवाद आहेतच. ‘आय अ‍ॅम लेट’ला शेपूट ‘आरन्ट आय?’, ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’ आपल्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत हे शेपूट जोडायला सांगतात. मुलं गणितासारखी रीत पाठ करून गुण मिळवतात आणि बोलताना कधी वापरत नाहीत. याचं मला नवल वाटत नाही. ज्याच्याकडे जन्मापासून ‘ना’ आहे, त्याने एवढी खटपट का करावी?

भारतीयांनी या खटपटीतून आपली वाट काढली. ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ कर्ता कोणीही असो, काळ कोणताही असो, शेपूट एकच. पुस्तकं याला चूक म्हणतात. भारतीय इंग्रजीचे अभ्यासक याकडे तिची खूण म्हणून पाहतात, आणि ते मला पटतं, कारण त्या ‘इझन्ट इट’च्या आत आपला ‘ना’ बसलेला आहे. खुद्द लंडनच्या रस्त्यावर तरुण मुलं आज सर्रास ‘इनिट?’ म्हणतात. तेही ‘इझन्ट इट’चंच झिजलेलं रूप, तेही कर्त्याकडे आणि काळाकडे न बघता कुठेही लागणारं. म्हणजे ज्यांची ती भाषा आहे त्यांनाही ते यंत्र अवघडच वाटतं.

इंग्रजी शेपटात आणखी एक गोष्ट आहे. ती वहीत लिहून दाखवता येत नाही, म्हणून शाळेत बहुधा शिकवली जात नाही. शेपटाचा सूर खाली उतरला, तर बोलणाऱ्याला बहुतेक खात्री आहे आणि त्याला नुसती मान हलवून हवी आहे. सूर वर चढला, तर त्याला खरोखर माहीत नाही आणि तो विचारतो आहे. शब्द एकच, सूर दोन. म्हणजे इंग्रज माणूस हुंकार मागतो आहे की होकार, ते त्याच्या सुरावरून कळतं. आपण जेव्हा ‘राईट?’ उचललं, तेव्हा शब्द आला आणि सूर तिकडेच राहिला.

यापेक्षाही मोठी अडचण उत्तराची आहे. माझा एक जुना विद्यार्थी, अकोट तालुक्यातला, एका कंपनीच्या मुलाखतीला बसला. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘यू हॅवन्ट वर्क्ड बिफोर, हॅव यू?’’ तो म्हणाला, ‘‘यस, मॅडम.’’ त्याला म्हणायचं होतं, बरोबर बोललात, मी नोकरी केलेली नाही. बाईंनी ऐकलं, हो, मी नोकरी केली आहे. त्यांनी लगेच कंपनीचं नाव विचारलं आणि हा गडबडून गेला. कागदावर अनुभव नाही आणि तोंडाने ‘हो’ म्हणतो, म्हणजे हा खोटं बोलतो असं त्यांना वाटलं असेल. तो मुलगा आयुष्यात खोटं बोलायला शिकलेला नाही.

घडलं ते असं. ‘तू जेवला नाहीस ना?’ असं मराठीत विचारलं, तर न जेवलेला माणूस ‘हो, नाही जेवलो’ म्हणू शकतो. त्याचा ‘हो’ विचारणाऱ्याच्या बोलण्याला असतो, तुझं बरोबर आहे या अर्थाने. जपानी आणि चिनी माणूसही असंच उत्तर देतो. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ समोरच्याच्या बोलण्याकडे बघत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे बघतात. जेवलो नाही, तर ‘नो’. प्रश्न उलटा विचारा, सुलटा विचारा, ‘नो’च. मराठी ‘हो’ माणसाला दिलेला असतो, इंग्रजी ‘यस’ घटनेला. बाहेरगावी नोकरीला निघालेल्या प्रत्येक मुलाला मी एक साधी सवय लावून घ्यायला सांगतो. नकारी प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. ‘नो, आय हॅवन्ट.’ ‘डू यू माइंड?’ या प्रश्नातही हाच सापळा आहे. ‘मी इथे बसलो तर चालेल ना?’ असा त्याचा भाव धरून आपला मुलगा ‘यस’ म्हणतो आणि समोरचा उभाच राहतो, कारण त्याने ‘हो, माझी हरकत आहे’ असं ऐकलेलं असतं.

‘ओके’ची जन्मकथा मात्र हलकीफुलकी आहे. १८३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ हे ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect) असं अशुद्ध लिहून त्याचं ‘ओ. के.’ केलं गेलं, आणि २३ मार्च १८३९ रोजी ते बॉस्टन मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्रात छापून आलं. पुढल्याच वर्षी मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या निवडणुकीत त्यांच्या समर्थकांनी ही अक्षरं उचलली, कारण त्यांच्या गावावरून पडलेलं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’ याची आद्याक्षरंही तीच. त्या काळातली बाकीची अशी अक्षरं विरून गेली, हे जोडपं जगभर गेलं. अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे मूळ शोधून काढलं. ज्या शब्दाने आज जग खात्री देतं, तो ‘सगळं बरोबर’ हे चुकीचं लिहून तयार झाला आहे.

हा शब्द किती महागात पडू शकतो ते २७ मार्च १९७७ ला दिसलं. कॅनरी बेटांपैकी टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला तयार उभं, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं दुसरं ७४७ अजून चालत होतं. केएलएमच्या वैमानिकांनी कळवलं, की आम्ही आता उड्डाणाच्या टप्प्यावर आहोत. मनोऱ्यातून उत्तर आलं, ‘ओके’. त्यानंतर क्षणभर थांबून पुढचे शब्द आले, की उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन. पण नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांनीही बोलायला सुरुवात केली. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश आवाज झाला. स्वच्छ ऐकू आला तो फक्त ‘ओके’. मनोऱ्यातल्या माणसाच्या लेखी तो हुंकार होता, तुझं ऐकलं या अर्थाचा. विमानाने तोवर धाव घेतलेली होती आणि त्या ‘ओके’ने त्याला थांबवलं नाही. ५८३ माणसं गेली. आजवरच्या विमान अपघातांतला हा सगळ्यात भीषण. अर्थात अपघाताची कारणं अनेक होती. धुकं होतं, उशिराची घाई होती, वरिष्ठ कप्तानाला टोकायला संकोचणारे सहकारी होते. पण त्यानंतर आकाशातली भाषा बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा असं ठरलं. आणि मिळालेली परवानगी वैमानिकाने शब्दशः परत बोलून दाखवायची, नुसतं ‘ओके’ चालणार नाही, यावर जोर आला.

आमच्या वऱ्हाडातून जाणाऱ्या रेल्वेला हे शहाणपण फार आधीपासून होतं. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत रुळांचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. एका स्टेशनावरून गाडी सोडायची, तर पुढच्या स्टेशनाला विचारायचं, लाइन क्लिअर आहे का? हा शुद्ध इंग्रजी खात्रीचा प्रश्न, आणि मराठी, हिंदी बोलणाऱ्या स्टेशन मास्तरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. पण रेल्वेने उत्तरादाखल नुसत्या ‘हो’वर विश्वास ठेवला नाही. खेड्याजवळच्या फाटकाचं उदाहरण घ्या. स्टेशन मास्तर फोनवर विचारतो, फाटक बंद केलं का? फाटकवाला फाटक बंद करतो, कुलूप लावतो आणि दोन अंकी एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा फाटकवाल्याकडच्या छापील कागदावरचा असतो, एकदा सांगितला की खोडून टाकायचा. विचारणाऱ्याला तो आधी ठाऊक नसतो, म्हणून त्याला स्वतःच्या मनाने ‘हो, म्हणाला वाटतं’ असं धरून चालता येत नाही. आकडा ऐकायचा, वहीत लिहायचा, मग सिग्नल. हुंकाराला इथे जागाच ठेवलेली नाही. बँकेचा ओटीपी निघायच्या कितीतरी आधी ही पद्धत आपल्या फाटकांवर चालत होती.

आणखी मागे जायचं तर रिद्धपूरला जावं लागतं. मोर्शी तालुक्यातल्या याच गावात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ऐकलेल्या लीळांवर ते थांबले नाहीत. ज्यांच्या देखत त्या घडल्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली, ताडून पाहिलं. सांगणारे दोन आणि सांगणं वेगळं, तर लीळाचरित्राच्या परंपरेत तो फरक पुसून न टाकता नोंदवलेला दिसतो. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ खात्री करून घेण्याच्या कष्टातून उभा राहिला आहे. आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

आणि गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतली अखंड प्रश्नोत्तरं. ते लोकांना सरळ विचारत. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, पोराला शाळेत घालता की नाही. प्रश्न टाकायचा, लोकांच्या तोंडून उत्तर काढायचं, ते उत्तर पकडून पुढचा प्रश्न. समोरच्या हजारोंना मान डोलावून सुटता येत नसे, मोठ्याने बोलावं लागे. आणि बाबांचे कितीतरी प्रश्न असे, की त्यांचं खरं उत्तर ‘नाही’ असं असायचं. हजारो माणसं एका आवाजात ‘नाही’ म्हणतात तेव्हा ती ऐकत आहेत याबद्दल शंका राहत नाही. डिसेंबर १९५६ मध्ये बाबा गेले. आमच्या अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या वर्गांत आम्ही मास्तर मंडळी ‘एनी डाउट्स?’ असं विचारतो आणि शांतता पसरली की पुढच्या पानाकडे वळतो.

अकोला आता शिकवणीवर्गांचं गाव झालं आहे. बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडची मुलं डॉक्टर, इंजिनिअर व्हायची स्वप्नं घेऊन इथे खोल्या घेऊन राहतात. मोठाले वर्ग, भिंतीवर पडदा, आणि दर पाच मिनिटांनी ‘क्लिअर?’ मागच्या बाकावरून ‘यस सर’चा एक गुळगुळीत आवाज येतो. झेडपीच्या शाळेतून आलेली मुलगी त्या आवाजात आपला आवाज मिसळते, कारण शंभर मुलांत एकटीने ‘नो सर’ म्हणायला फार मोठी छाती लागते. मी अलीकडे वर्गात एक बदल केला आहे. ‘समजलं का?’ हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी म्हणतो, ‘‘हे तुमच्या घरी मायला सांगाचं हाय. कसं सांगशीन?’’ पहिले काही दिवस मुलं हसली. मग वऱ्हाडीतून सांगू लागली, आणि मी काय नीट शिकवलं नव्हतं ते मला त्यांच्या सांगण्यातून कळू लागलं.

वैद्यकातही हीच पद्धत आहे. डॉक्टर किंवा नर्सने सूचना दिल्यावर ‘समजलं?’ न विचारता रुग्णाला म्हणायचं, आता घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल ते मला सांगा. जगभर रुग्णसेवेत ती शिकवली जाते. यात रुग्णाची परीक्षा नसते, सांगणाऱ्याने नीट सांगितलं की नाही याची तपासणी असते. मेळघाटात तर हिची फार गरज आहे. तिथली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी किंवा हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. कोरकू आई दवाखान्यात मान हलवते ती पुष्कळदा समोरच्या माणसाचा मान राखण्यासाठी. त्या मानेवर बाळाच्या औषधाचं प्रमाण सोपवू नये.

बाजारात मात्र लोकांनी आपली वाट केव्हाच काढली आहे. अकोल्यात चहाच्या टपरीवर कुणी मोबाइलने पैसे दिले, की दोघेही बोलायचं थांबतात. गिऱ्हाईक विचारतो, ‘‘आले ना भाऊ?’’ टपरीवाला ‘हाव’ म्हणत नाही. काउंटरवरची डबी रक्कम मोठ्याने बोलेपर्यंत थांबतो आणि मगच मान हलवतो. फाटकवाल्याचा दोन अंकी आकडा आणि या डबीतली रक्कम, दोन्हींचं काम एकच.

काळजी वाटते ती फोनची. विमा, कर्ज, कार्ड विकणाऱ्यांचे फोन आता खेड्यापाड्यांत पोचले आहेत. पलीकडचा माणूस भरभर बोलतो आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘ओके ना सर?’, ‘राईट सर?’, ‘कन्फर्म करू ना?’ असं म्हणतो. आपला शेतकरी मोठ्या अदबीने ‘हाव, हाव’ करत राहतो. त्याच्या रीतीने हा हुंकार आहे, बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये म्हणून दिलेला. पलीकडे मात्र संभाषण रेकॉर्ड होत असतं.

म्हणून ज्यांच्या घरी असे फोन येतात त्या सगळ्यांना सांगणं आहे. आईवडिलांना, आजी-आजोबांना एवढंच शिकवा, की अनोळखी माणसाच्या ‘ओके ना?’ला ‘हाव’ म्हणायचं नाही, ‘काय म्हनता ते पुन्हा सांगा’ म्हणायचं. आणि तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला असाल, दुकानात, दवाखान्यात, बँकेत, तहसिलीत किंवा वर्गात, तर ‘ओके ना?’ विचारून झाल्यावर आणखी अर्धं मिनिट थांबा. म्हणा, ‘‘आता तुमी मले सांगा बरं, माय.’’